जिभेखालची दहा मिनिटं

तिला नावानं हाक मारणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. ड्रायव्हर-कंडक्टर तिला भोंगाताई म्हणतात, पासाच्या खिडकीवरचा कारकूनही तेच म्हणतो, कँटीनवाला तर कपावर बशी झाकत "भोंग्याचा चहा गेला का रे वर?" असं सगळ्या स्टँडला ऐकू जाईल इतकं ओरडतो. तिला त्याचा काडीचा राग येत नाही. उलट एखादा नवा कंडक्टर अदबीनं "मॅडम" म्हणाला की तीच डोळे बारीक करते. "काय रे, सुट्टी हवीय का? ती मी नाही देत, साहेब देतात."

स्टँडच्या जिन्याच्या डोक्याशी तिची काचेची खोली आहे. खोली म्हणायची आपली रीत म्हणून. दुसरी खुर्ची आत आणली तर पहिलीनं बाहेर जावं. एक टेबल, त्यावर मान वाकवलेला माइक, एक लाल बटण आणि डोक्यावर पंखा. बोलताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर त्याची घरघर सगळ्या फलाटांवर ऐकू जाते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात ही बाई घामानं निथळत लोकांना सांगणार, की वातानुकूलित गाडी तीन नंबरला लागली आहे, प्रवाशांनी सावकाश बसून घ्यावे. अशी ती नोकरी, आणि ती तिला जिवापाड आवडते.

आवाज म्हणाल तर गोड नाही. गाणं म्हणायला बसली तर घरचेच हात जोडतात. पण त्या आवाजात समजूत घालण्याची काय हातोटी आहे कोण जाणे. गाडी उशिरा येणार हे दुसऱ्या कुणी सांगितलं तर लोक चौकशीच्या खिडकीवर चालून जातात. हिनं सांगितलं की "बरं बाई" म्हणून पिशव्या खाली ठेवतात. आजूबाजूच्या गावांत असा माणूस सापडायचा नाही, ज्याच्या कानात हा आवाज बसलेला नाही. पुढे जो काही घोळ झाला तो या आवाजापायीच.

सुरुवात मात्र पाठीपासून झाली. त्याच जिन्यावर, नुकत्या पुसलेल्या ओल्या पायरीवरून ती खाली आली ती थेट पाठीवर. मणक्याचं ऑपरेशन झालं. दुखणं असं, की कूस बदलताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. डॉक्टरांनी जोरदार गोळ्या दिल्या, अफूच्या कुळातल्या. गोळी घेतली की दुखणं पार दाराबाहेर जाऊन उभं राहायचं. पाठ हळूहळू बरी झाली, पण गोळी काही सुटेना. नाही घेतली तर अंग मोडून यायचं, नाक गळायचं, पोटात मुरडा उठायचा, आणि मनाला दुसरा विषयच सुचायचा नाही. लोकांना वाटतं व्यसन म्हणजे मौजमजा. कसली डोंबलाची मजा! उठून, साडीला पिन लावून, नोकरीवर जाऊन बसता यावं एवढ्यासाठी ती गोळ्या घेत होती. या मेडिकलमधून एक पाकीट, त्या मेडिकलमधून दुसरं.

एक दिवस तिनं केव्हाच सुटून गेलेली गाडी फलाटावर लागल्याचं जाहीर केलं. लोक पोरंबाळं, बोचकी सांभाळत धावत सुटले आणि रिकाम्या फलाटावर एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले. डेपो मॅनेजर साहेबांनी तिला बोलावून घेतलं. हे साहेब एके काळी स्वतः गाडी चालवायचे. अपघातात मांडीत सळई बसली, तेव्हापासून पाय ओढत चालतात आणि त्याची भरपाई म्हणून दुप्पट ओरडतात. त्यांचं ओरडणं ऐकून पार्किंगमधली कुत्रीसुद्धा जागा बदलतात.

"बाई, पुन्हा असं झालं तर माइक काढून घेईन! पार्सलच्या गोदामात बसवीन, समजलं? तिथं पेट्यांना सांगत बसा गाड्या!"

ती मान खाली घालून बाहेर आली. गोदामाची भीती नव्हती तिला. माइक गेला तर आपण उरतो कोण, हे तिला उमगेना.

घरात काय चाललंय हे कळलं तेही गमतीदारच म्हणायचं, म्हणजे आता गमतीदार. तिचा नवरा प्लंबर. साऱ्या दुनियेचे नळ दुरुस्त करणारा माणूस घरचा फ्लश कधी उघडून बघत नाही, या भरवशावर तिनं गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्लशच्या टाकीत ठेवल्या होत्या. भरवसा खरा होता. इतकी वर्षं तो फ्लश गळत होता, मोरीतला नळ टपकत होता, आणि "उद्या बघतो" यापलीकडे नवऱ्याची गाडी सरकली नव्हती. पण एका रविवारी त्याला काय लहर आली, त्यानं झाकण उचललं. पिशवी हातात घेऊन तो तिथंच उंबऱ्यावर बसला.

ती आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "अगं, मला सांगायचंस ना. मी काय परका आहे का?"

तो ओरडला असता तर ती भांडली असती. त्यानं तेवढंच विचारलं आणि तिचा बांधच फुटला.

गावात अशा उपचाराचा डॉक्टर नव्हता. होता तो लांबच्या शहरातल्या केंद्रात. पहिली भेट तिथं जाऊन, बाकी सगळं फोनवर: डॉक्टरबाई महिन्यातून एकदा पडद्यावर भेटायच्या आणि तिथली सिस्टर दर दोन-तीन दिवसांनी सकाळी फोन करायची. सगळं ठीक असलं की केंद्राकडून गावातल्या दवाखान्याला निरोप जायचा आणि खिडकीवर पुढच्या आठवड्याच्या गोळ्या मिळायच्या. या नव्या गोळीनं ओढ थांबते, अंग जागेवर राहतं, माणूस कामाला लागतो. पण तिची एक अट असते. ती जिभेखाली ठेवायची, आपोआप विरघळू द्यायची. विरघळायला दहा मिनिटं तरी लागतात. तेवढ्यात गिळायचं नाही, पाणी प्यायचं नाही, बोलायचं नाही.

आता बोलायचं नाही हे कुणाला सांगितलं, तर भोंगाताईला! घरी ते जमणं शक्यच नव्हतं. घरात मोठी जाऊबाई, आणि जाऊबाईंना प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर त्या तोच प्रश्न आणखी जवळ येऊन विचारतात. या सगळ्यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. पाठीचं औषध चालू आहे, एवढंच सांगितलेलं. म्हणून ताईनं स्टँडवरची वेळ हेरली. सकाळची गर्दी ओसरली की नऊच्या गाडीपर्यंत माइकला विश्रांती असते. त्या सवडीत ती दार लोटून गोळी जिभेखाली ठेवायची, हनुवटी किंचित वर, ओठ घट्ट, नाकानं श्वास, आणि काचेतून खाली गाड्या धुणाऱ्यांकडे बघत बसायची.

आणि नेमक्या त्याच वेळी फोन वाजायचा. केंद्र उघडायची वेळ तीच, सिस्टरच्या फोनांची सुरुवातही तेव्हाच. नाही उचलला, तर थोड्या वेळानं मशीनमधून एक बाप्या बोलायचा. खर्जातला, इस्त्री केलेला आवाज. "आपण नियोजित वेळी उपलब्ध नव्हता. अनुपस्थितीची नोंद घेण्यात आली आहे. तिसऱ्या अनुपस्थितीनंतर आपले उपचार थांबवण्यात येतील." पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

मग तिनं काय करावं? फोन वाजला की ती गोळी गिळून टाकायची आणि खणखणीत आवाजात म्हणायची, "बोला सिस्टर, मी अगदी छान आहे!"

पोटात गेली काय आणि जिभेखाली गेली काय, शेवटी औषध ते औषध, असा तिचा हिशेब. पण पोटात गेली की ही गोळी जवळजवळ वायाच जाते. संध्याकाळ झाली की जांभया, काटा, घाम, आणि मेडिकलच्या पाटीकडे वळणारी नजर. फ्लशची टाकी आठवायची. डॉक्टरबाईंना तिनं त्रास सांगितला, पण गिळते हे सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील, नियम पाळत नाही, करा बंद. डॉक्टरबाईंनी बिचाऱ्यांनी डोस वाढवला. फोनच्या दिवशी तोही पोटात.

शेवटी एका सकाळी तिनं ठरवलं, आज नाही गिळायची. फोन उचलला आणि गोळी जिभेखाली तशीच ठेवून बोलली. आता तोंडात असा ऐवज धरून बोललं तर शब्द कसे येणार? जड, ओघळलेले.

सिस्टर हळूच म्हणाली, "ताई, खरं सांगा. तुम्ही काही घेतलंय का?"

झालं! तपासणी होईपर्यंत गोळ्यांचा निरोप अडला. तपासणी स्वच्छ आली, पण मधले दिवस तिनं गोधडीत कुडकुडत काढले. जाऊबाईंना सांगितलं, साथीचा ताप आहे. त्या दिवसांत ती मेडिकलच्या दारापर्यंत जाऊन परत आली. तिथून परत येणं म्हणजे काय असतं, ते गेलेल्यालाच विचारा.

पुढच्या फोनला मात्र तिनं सिस्टरला धारेवर धरलं. अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं, पण जिभेला कुठं मणका असतो? "फोन तुमच्या सोयीनं, वेळ तुमच्या सोयीची, आणि वर तो खर्जातला बाप्या मला अनुपस्थित म्हणणार! मी काय शाळेत हजेरी लावतेय का?"

सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, हे भांडण माझ्यापाशी वाया घालवू नका. आम्ही पेशंटनाच बोलावतोय, ही फोनची सेवा नीट कशी करायची ते ठरवायला. गुरुवारी पडद्यावर बैठक आहे. तिथं भांडा की."

ती बसली बैठकीला, पण कॅमेरा बंद ठेवून. नावाच्या जागी नुसतं 'पेशंट' लिहिलं. डॉक्टरबाई होत्या, सिस्टर होती, आणि दोन पेशंट: एक गॅरेजवाला, त्याच्या मागे भिंतीवर टायर टांगलेले, आणि एक आजोबा, ज्यांचं फक्त कपाळ दिसत होतं. केंद्रातला एक जण मोबाइलवरचे नवे रंग, हसरे चेहरे, फुलंबिलं दाखवत होता. आजोबांचं कपाळ म्हणालं, "छान आहे, लग्नपत्रिकेसारखं आहे."

डॉक्टरबाईंनी त्याला थांबवलं आणि सरळ विचारलं, "सकाळी आमचा फोन येतो, त्या क्षणी तुम्ही काय करत असता?"

ताईनं माइकच्या बटणावर बोट ठेवलं आणि उचललं. मग गॅरेजवाल्यानं मान खाजवत सांगून टाकलं, "खरं सांगू का डॉक्टरबाई? रागवू नका. गोळी गिळतो मी. तुमचा फोन चुकायला नको म्हणून."

"मी नाही गिळत," आजोबा ताठ्यात म्हणाले. "मी काढून चमच्यात ठेवतो. बोलणं झालं की परत."

ताई खो खो हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. इतके दिवस तिला वाटत होतं, असली लबाडी करणारी जगात आपण एकटीच. "मीही गिळते," ती म्हणाली. "देवाशपथ, मीही गिळते!"

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे मी इकडून डोस वाढवतेय आणि तो आमच्याच फोनमुळे पोटात जातोय." त्याही हसल्या, पण पुढचं सगळं त्यांनी स्वतः लिहून घेतलं. मग कामाला गती आली. फोनची वेळ ज्याची त्यानं निवडायची. गोळी तोंडात असेल तर फोन उचलून नुसतं एक बटण दाबायचं, सिस्टर नंतर फोन करेल. चुकलेला फोन म्हणजे गैरहजेरी नाही. हे अमलात यायला महिना-दीड महिना लागेल, असं केंद्रवाला म्हणाला.

"आणि तो बाप्या बदला," गॅरेजवाला म्हणाला. "त्याचा आवाज ऐकला की वाटतं मी पिंजऱ्यात उभा आहे. आमच्यातल्याच कुणाला तरी बोलू द्या." मग तो अडखळला. "त्या ताई, ज्यांचा चेहरा दिसत नाहीये... एक विचारू? तुम्ही स्टँडवर बोलता ना?"

ताईनं फोन कापला तो असा, जणू हाताला चटका बसला. चेहरा झाकून काय उपयोग, तिचा चेहरा म्हणजे तो आवाजच होता. गावात बोभाटा झाला तर साहेबांना कळणार, आणि कळलं की माइक गेलाच.

पुढच्या दोन बैठकांना ती गेली नाही. सिस्टरनं फोन करून विचारलं, नवा निरोप तुमच्या आवाजात भरून द्याल का. तिनं कानावर हात ठेवले. "सिस्टर, जे सांगाल ते करते, पण हे नको. माझी रोजीरोटी आहे ती."

सिस्टरनं आग्रह केला नाही. पण पंधरवड्यानं तिचा सूरच उतरलेला होता. गॅरेजवाला फोन उचलत नव्हता. नवी पद्धत अजून सुरू व्हायची होती, आणि त्याला तिसऱ्यांदा तो खर्जातला निरोप गेला होता. सिस्टर स्वतः फोन लावून थकली, पण त्याला वाटत होतं आपलं नाव कापलं गेलं. त्यानं फक्त एकदा लिहून पाठवलं होतं.

"काय लिहिलंय?" ताईनं विचारलं.

"त्या ताईंना सांगा, मी कुणाजवळ बोललेलो नाही. त्यांना म्हणावं, बैठकीला या."

ताईनं फोन ठेवला. नऊची गाडी लागली, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, तेव्हा ती भानावर आली. तो माणूस तिला मेडिकलच्या दाराशी उभा दिसत होता, ती स्वतः उभी होती तसाच.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो बिथरला. "अगं, वेड लागलंय का तुला? उद्या स्टँडभर होईल. तुझ्या जाऊबाई काय म्हणतील? साहेब काय म्हणतील?"

"अहो, मी लोकांना रोज सांगते, घाई करू नका, गाडी थांबेल. आणि एवढ्या एका ठिकाणी मी मूग गिळून बसू?"

"माइक गेला तर?"

"गेला तर रडेन. तुम्ही आहात ना डोळे पुसायला?"

नवऱ्यानं हात टेकले. निरोप मोरीत भरायचा ठरला, कारण घरात तेवढं एकच दार नीट लागतं. पण पहिल्याच वेळी मागे ऐकू आलं टप, टप, टप. नवरा पाना घेऊन आला आणि नळ दुरुस्त करून गेला. लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरचा नळ गळायचा थांबला. ताई म्हणाली, "बघा, व्यसन सोडायचे असेही फायदे असतात."

मग ती बोलली, स्टँडवर बोलते त्याच आवाजात.

"नमस्कार. तुमचा फोन राहून गेला, काही बिघडलं नाही. गोळी जिभेखाली असेल तर ती विरघळू द्या. गिळू नका, फोन थांबेल. मीही इथलीच पेशंट आहे. मीही भीतीनं गोळी गिळत होते. तुमचं नाव कापलेलं नाही, तुमची जागा धरून ठेवली आहे. जमेल तेव्हा एक नंबर दाबा. पलीकडून माणूस बोलेल."

नवा निरोप सुरू झाला. केंद्राला पहिल्यांदाच फोन करणाऱ्यालाही तोच ऐकू येई. तिसऱ्या दिवशी गॅरेजवाल्यानं एक नंबर दाबला. सिस्टरनं तिला हे सांगितलं तेव्हा ती माइकसमोर होती; लाल बटण बंद आहे याची खात्री करून तिनं पदर तोंडाला लावला आणि पोटभर रडली.

पण आवाज तो आवाजच. कुणाच्या तरी मेहुण्यानं कुणासाठी तरी केंद्राला फोन लावला, आणि महिनाभरात कुजबुज सुरू झाली. कँटीनवाल्यानं ओरडणं सोडलं, चहा गुपचूप वर यायला लागला, आणि ते तिला जास्त लागलं. एका ड्रायव्हरनं खालून विचारलं, "काय भोंगाताई, आज कुठल्या तारेत?" बाकीचे हसले. जाऊबाईंना शेजारणीकडून कळलं. त्या काही बोलल्या नाहीत. फळीवरची डोकेदुखीच्या मलमाची डबी तेवढी उचलून आपल्या खोलीत घेऊन गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेबांचं मात्र काही कळेना. ते हल्ली सकाळी केबिनचं दार लावून बसायचे. ओरडणंसुद्धा उशिरा सुरू व्हायचं. कारकून म्हणाला, रक्तदाब असेल. मग एक दिवस कारकुनानंच वर येऊन तिची नजर चुकवत सांगितलं, "ताई, कुणीतरी तक्रार केलीय तुमची. व्यसनी बाई माइकवर कशी, म्हणून. साहेबांनी उद्या सकाळी बोलावलंय."

दुसऱ्या दिवशी तिनं आधी आपली गोळी नीट विरघळू दिली. माइकवर रुमाल टाकला आणि जिना उतरली, एकेक पायरी, कठडा धरून. नऊची गाडी लागायला अवकाश होता.

साहेब टेबलामागे बसले होते. तिनं नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, खुर्चीकडे बोट दाखवलं. बोलले काहीच नाहीत. ती बसली नाही.

"साहेब, तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तो आवाज माझाच आहे. मी गोळ्यांच्या नादी लागले होते, आणि तुम्ही मला ज्या दिवशी गोदामाची धमकी दिलीत ना, त्या दिवशीही माझ्या पोटात गोळी होती. आज तशी नाही. आज औषध घेते आणि त्यावर उभी आहे. त्या दिवसापासून एक गाडी चुकीची सांगितली असेल तर दाखवा."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. एक अक्षर नाही. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. हे गप्प बसणं तिच्या डोक्यात गेलं.

"बोला ना काहीतरी! माइक काढायचाय तर काढा. बसते गोदामात, पेट्यांना सांगते गाड्या. पण तो निरोप मी परत घेणार नाही. सांगून ठेवते. त्या निरोपानं एक माणूस परत आलाय, साहेब. एक जरी आला असला तरी मला पुरे आहे. आणि तुम्ही तोंडात काय मिठाची गुळणी धरून..."

ती थांबली.

साहेबांची हनुवटी किंचित वर होती. ओठ घट्ट मिटलेले. श्वास नाकानं चालला होता, संथ, जपून. घसा हलत नव्हता. असं बसणारं माणूस जगात दुसऱ्या कुठल्याच कारणानं तसं बसत नाही, हे तिच्याइतकं कोण जाणणार? तिची नजर टेबलाखाली गेली. सळईचा पाय लांब करून ठेवलेला होता.

साहेबांनी तिची नजर पाहिली आणि हळूच डोळे मिटून उघडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अगं बाई," एवढंच तिच्या तोंडून गेलं.

तिनं मागे वळून दार लावून घेतलं. खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. "गिळू नका," ती म्हणाली, आपल्या नेहमीच्या आवाजात. "घाई नाही. मी आहे इथं."

बाहेर गाड्या धुणाऱ्यांचा पाइप सुरू होता. फोन वाजायला लागला, साहेबांचा हात सवयीनं पुढे गेला, आणि तिनं तो फोन उचलून आपल्या मांडीवर ठेवला. वाजून वाजून तो थांबला. दोघंही काही न बोलता बसून राहिले. त्या डेपोत साहेबांसमोर इतका वेळ इतकं शांत कुणी बसलं नसेल.

शेवटी साहेबांनी आवंढा गिळला. आवाज आला तो अगदी बारीक, त्यांचा वाटेचना.

"किती वर्षं घेत होतो, घरात कुणाला माहीत नाही," ते म्हणाले. "केंद्राला फोन लावायचो आणि तो निरोप संपला की ठेवून द्यायचो. कितीदा ऐकलाय, विचारू नका. मग एकदा दाबला एक नंबर." त्यांनी रुमालानं चेहरा पुसला. "तक्रार करणाऱ्याला मी बघून घेतो. त्याच्यासाठी ओरडणं राखून ठेवलंय मी."

ताईला हसू आलं आणि रडूही आलं.

खाली नऊची गाडी फलाटाला लागत होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, एकदा, दोनदा. कुणी जाहीर करत नव्हतं, म्हणून लोक इकडून तिकडे बघत होते.

"जा बाई," साहेब म्हणाले. "माइकवर कुणी नाहीये."